भुऱ्याचं ताट

३ डिसेंबर, सकाळ
रुचीनं वही आणली. मी सांगते, नात लिहिते. मले अक्षर येत नाही, म्हणून मधात आपलं काही घुसवलंस तर याद राख, हेही लिही म्हटलं.
माझा बुढा जाऊन तीन महिने झाले. मी ठीक आहे. त्याचा कुत्रा भुरा ठीक नाही. दुःखानं खंगून राहिला. मी त्याले यातून काढीनच.

५ डिसेंबर
बुढा ओसरीत जेवताना शेवटचा घास भुऱ्याले देत होता. तेरवीपासून मी पूर्ण ताटच वाढते. भात आणि बुढ्याच्या आवडीचा कांद्या-लसणाचा रस्सा. रोज दोघांचा स्वयंपाक होते.

९ डिसेंबर
रुची म्हणते, "आजी, मोबाइलमध्ये सांगते, कांदा-लसूण कुत्र्याले विष."
म्हटलं, तुझा मोबाइल आपल्या केशोरी गावचा आहे काय? भुरा ताट चाटून साफ करते. विष कोणी चाटते काय?

१४ डिसेंबर
भुरा बुढ्याच्या खाटेखालून उठत नाही. उठला तर पाय लटपटतात. दुःख वाढलं. अंगात ताकद पाहिजे म्हणून रस्सा दुप्पट केला.

१५ डिसेंबर
रुची रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं, उद्यापासून कांदा चिरणार नाही.

१६ डिसेंबर
चिरला नाही. पाट्यावर वाटला.

१८ डिसेंबर
भुऱ्याच्या हिरड्या पांढऱ्या, लघवी लाल. शेजारच्या बकारामनं ऑटो आणला. अर्जुनीच्या जनावरांच्या डॉक्टरनं विचारलं, काय खाते? म्हटलं, घरातलंच. तो म्हणे, कांद्यानं रक्त कमी झालं, दोन दिवस आणखी गेले असते तर कुत्रा गेला असता. सलाईन लावलं. आता बिनमिठाचा साधा भात आणि उकडलेलं अंडं.
मी विचारलं, आणि दुःखासाठी काय? तो म्हणे, बाई, तपासणीत दुःख दिसत नाही.
येताना बकाराम म्हणाला, "वहिनी, दादा रस्स्याचा घास कधीच देत नव्हते. वाढल्याबरोबर कोरडा भात ताटाच्या काठाले काढून ठेवत. शेवटी तोच देत."
मले माहीत होतं, असं मी सांगितलं.
रुची, हे लिहू नको. लिहिलं काय? बरं, मंग खरं लिही. एक्कावन्न वर्षं वाढून दिलं आणि चुलीकडे फिरली. माणसं जेवल्यावर मी जेवली. बुढ्याचा शेवटचा घास मी एकदाही पाहिला नाही.

२९ डिसेंबर
भुरा उठला. समोरच्या घरच्या प्रेमिलाच्या कोंबड्या पळवल्या. प्रेमिला दारात येऊन म्हणाली, "काऊन वाचवलं वं याले?" खाटेखाली आता झोपत नाही, उन्हात धानाच्या तणसावर झोपते. त्याचे डोळे नीट पाहिले. दुःख नाही. तेव्हाही नव्हतं, कांदा होता. मी समजून चालली होती, की दुःखात आम्ही दोघं आहो.

३० डिसेंबर
आज पहिल्यांदा ओसरीत जेवली, बुढ्याच्या जागेवर. एका माणसाचंच रांधलं. कोरडा भात काठाले काढून ठेवला. शेवटी हाक मारली. भुरा आला, घास खाल्ला, पळाला.
रुची विचारते, आणखी काय लिहू?
मी ठीक आहे, असं तीन तारखेले लिहिलं होतं ना. ते खोड.