सात नंबरच्या खोलीतली गोधडी

प्रति,
मा. अध्यक्ष,
वसतिगृह व्यवस्थापन समिती,
रानजाई मुलींचे वसतिगृह, बोईसर, जि. पालघर

विषय : जप्त केलेली गोधडी परत मिळणे व कु. नवसी जिवल्या धोडी हिची जागा रद्द न करणे याबाबत.
संदर्भ : अधीक्षिका यांची दि. १० नोव्हेंबरची नोटीस.

महोदय,

तपासणी झाली तेव्हा आमच्या खोलीत दोन खाटा, रेक्झिनच्या बंद खोळीतल्या दोन फोमच्या गाद्या, दोन पेट्या, तीन चादरी आणि एक गोधडी होती. सुकी मासळी नव्हती. तरीही खोलीत सुकी मासळी साठवल्याबद्दल नवसीची जागा येत्या रविवारपासून रद्द केली आहे.

१. मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. नवसी जव्हारकडच्या पाड्यावरची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला दमा आहे. पावसाळ्यात खोलीची भिंत ओली राहते आणि खाट भिंतीला लागून आहे. गादीची शिवण थोडी उसवून पाहिली, तर आतला फोम काळा पडलेला होता. त्याचा तुकडा प्रयोगशाळेत ठेवला, तेव्हा काचेची बशी बुरशीने भरली. गादीला ऊन द्यावे, तर गच्चीला कुलूप. जिन्यात उभी केली, तर आगीच्या वेळी अडथळा होईल म्हणून ती परत आत आणायला लावली.

२. म्हणून नवसी घरच्या गोधडीवर झोपू लागली. ती तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची आहे. गरम पाण्यात धुता येते, एका उन्हात वाळते. नवसीचे म्हणणे तिच्याच शब्दांत देते : "ताई, गादीवर छातीत कोंडतं. गोधडीवर नाय कोंडत." डॉक्टरांनी तिला फुंकून श्वासाचा जोर मोजायची नळी दिली आहे. गादीवर झोपल्यावर सकाळी २४० भरत असे, गोधडीवर ३३०. आकडा दोनशेच्या खाली आला तर लगेच रुग्णालयात आणा, असे त्यांनी बजावले आहे.

३. वासाबद्दल. गोधडी धुवायला मी घिवलीला माझ्या घरी नेली होती. या दिवसांत आमच्या अंगणात बांबूंवर बोंबील सुकत असतात. आई म्हणाली, "दोरीवर नको, बांबूवर टाक. वारा खालूनबी लागतो." गोधडी कडक वाळली. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना बोंबलाचा वास जाणवतच नाही, त्यामुळे मी ती तशीच परत आणली. अधीक्षिका दारातूनच म्हणाल्या, "बोंबील कुठे लपवलेत?" पेट्या उपसल्या. नवसी म्हणाली, "मॅडम, मी डोंगरातली. मला बोंबील सुकवता पन येत नाय." काही सापडले नाही, तेव्हा वास हाच पुरावा धरला आणि गोधडी भांडारात कुलूपबंद केली.

४. त्यानंतर आम्ही गादी काढून नुसत्या फळीवर झोपण्याची परवानगी मागितली. खाटेवर वसतिगृहाचीच गादी दिसली पाहिजे, असे उत्तर मिळाले. जमिनीवर झोपण्यास मनाई झाली. माझ्या गादीशी अदलाबदल केली, तर तिचाही फोम तसाच निघाला. हे सगळे लेखी कळवले असता, लेखी तक्रार केल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला. तो सोबत जोडला आहे.

५. नवसीचे वडील या आठवड्यात कुटुंबासह वीटभट्टीवर निघत आहेत. जागा गेली तर तिलाही त्यांच्याबरोबर जावे लागेल. भट्टीवर धूर असतो, हे मी वेगळे सिद्ध करून दाखवण्याची गरज नसावी.

गोधडीला वास माझ्यामुळे लागला. त्याची शिक्षा मला करावी. नवसीची जागा राहू द्यावी आणि तिची गोधडी आजच परत द्यावी, ही विनंती.

उत्तराची वाट पाहणारी आपली नम्र,
रुचिता नामदेव तामोरे
खोली क्रमांक ७
दि. १३ नोव्हेंबर २०२५

सोबत : नोटिशीची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, खुलासा, फोमचा तुकडा (बंद पिशवीत, कृपया उघडू नये).

ता.क. : गोधडी नेल्यापासून नवसी नियमाप्रमाणे गादीवर झोपत आहे. तिला घेऊन मी आता रुग्णालयात निघाले आहे, रिक्षा खाली उभी आहे. निघण्यापूर्वी तीनदा मोजले. सर्वांत मोठा आकडा १६०.