त्याच्याच अंगावरचा

४ फेब्रुवारी

पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या. केमोने कर्करोगाबरोबर अंगातले शिपाईही झोपवले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता साधा जंतूही नवऱ्याच्या जिवावर बेतेल. म्हणजे हॉस्पिटलच्या या खोलीत काही शिरता कामा नये. ते माझ्यावर सोपवा! दूध कारखान्यात दिवसभर हेच करते – कुणाचे हात, कुणाची नखं, कुणाची टोपी तपासायची. पाठीमागे मला 'फिनेल' म्हणतात. म्हणोत.

५ फेब्रुवारी

दाराची मूठ, पलंगाचे कठडे, रिमोट – सगळं पुसलं. तो म्हणाला, एक दिवस मलाही पुसून टाकशील. हसू आलं, दाखवलं नाही.

७ फेब्रुवारी

ताप! थंडी इतकी की पलंग हलत होता. रक्त तपासायला गेलंय. केमोसाठी छातीतून शिरेत घातलेल्या नळीतूनच औषध सुरू.

काल मी चहाला खाली गेले तेवढ्यात सासूबाईंनी हातमोजे काढून त्याच्या कपाळावरून हात फिरवला. परत येताना दारातून पाहिलं होतं मी. तेव्हा राग गिळला. आज व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, तोंडातून निघालंच – "आई, हे तुमच्या हातांमुळे झालं." त्या पर्स उचलून निघून गेल्या.

८ फेब्रुवारी

ताप हटत नाही. तो आईला विचारतो. त्यांना सर्दी झालीय म्हणून सांगितलं. जीभसुद्धा अडखळली नाही. फार भीती वाटते.

९ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी आधी मला बसायला लावलं. जंतू बाहेरून कुणी आणलेला नाही. त्याच्याच त्वचेवरचा आहे, नळीभोवतीही तोच सापडला. असा जंतू तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगावर लहानपणापासून नांदतो. वाईट जंतूंना तिथे जागा मिळू देत नाही. आपल्या पेशी त्याला ओळखून असतात, तो आपल्या जागी राहिला तर त्याच्या वाटेला जात नाहीत. इथे पेशीच उरल्या नाहीत, आणि तो नळीच्या कडेने रक्तात उतरला.

मी विचारलं, कपाळाला हात लावल्याने? त्या म्हणाल्या, त्याचा काही संबंध नाही.

मी दारावर पहारा देत होते आणि हा आतच होता, बायकोपेक्षा जवळ! औषध बदललं. सासूबाईंना फोन केला. आई, उद्या या – एवढंच बोलता आलं. बाकीचं समोर सांगीन.

१० फेब्रुवारी

ताप उतरला. तो दोन घास जेवला.

सासूबाई आल्या. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्यांनी शालीतून हात बाहेर काढले. लालभडक. पेरापेरांवर चिरा, एकीतून रक्त. त्या दिवसापासून जंतुनाशकाने घासत होत्या.

"आता लावला तर चालेल का गं त्याला हात?"

नर्सने हात उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाली, अशा चिरांत वाईट जंतू घर करतात. त्या भरेपर्यंत आत सोडता येणार नाही.