डोकं असलेला मोडेम

४ फेब्रुवारी, सोमवार

नाही चालत! सकाळपासून सहा वेळा कॉम्प्युटर उघडला, मोडेमचं कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. लिनक्स म्हणतं, असं काही कार्ड इथे नाहीच. नाही काय नाही! माझ्या हातांनी बसवलंय मी.

त्या दुकानदाराने — गळ्यात टाय लटकवून बसतो तो — तोंड भरून सांगितलं होतं, ‘बाई, हा मोडेम कशावरही चालतो.’ मी दोनदा विचारलं, लिनक्सवर? ‘त्याच्यावर तर धावतो!’ धावतो म्हणे.

चोवीस दिवस उरले. शिलाई मशीनच्या कंपनीने कळवलंय — माहितीपुस्तकांचं भाषांतर यापुढे कुणी करायचं, ते नमुना बघून ठरवणार. बारा पानं, फक्त ई-मेलने, २८ तारखेच्या आत. अकरा वर्षं ती पुस्तकं मी केली. नाव साहेबाच्या कचेरीचं, मान मोडायची माझी. आणि जूनमध्ये साहेबाने मला काढलं. ‘बाई, आता सगळं मशीनवर. तुमच्याच्याने नाही व्हायचं हे.’ वर उपकार केल्यासारखा कचेरीतला जुना कॉम्प्युटर दिला. भंगारात द्यायचा तो मला दिला!

ते काम मी त्याच्या ताटातून उचलणार. त्याच्याच कॉम्प्युटरवरून, त्याच्या नाकावर टिच्चून. मग बघू कुणाच्याने काय होतं ते.

५ फेब्रुवारी

कार्ड घेऊन दुकानात गेले. टाय म्हणतो, ‘दोष मोडेमचा नाही बाई, तुमच्या लिनक्सचा आहे.’ परत घेत नाही. आणि वर काय — ‘घरात कुणी पुरुष माणूस असेल तर पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.’

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन या रोजनिशीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव साहेबाच्या खाली लिहिलं.

६ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना बोलावलं. लिनक्स त्यांनीच घालून दिलं होतं, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. जुन्या कॉम्प्युटरवर दुसरं काही तगत नव्हतं. आयुष्यभर गणित शिकवलं, आता निवृत्तीत लिनक्सचा प्रचार करतात. पोस्टमनलासुद्धा सोडत नाहीत.

मास्तरांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि नाक मुरडलं. ‘बाई, हा बिनडोक आहे.’

‘कोण, दुकानदार?’

‘तोही. पण मी मोडेमचं म्हणतोय.’

मग खाटेवर ठाण मांडून बसले आणि तासभर शिकवणी घेतली. मला कळलं ते असं: खरा मोडेम फोन लावतो, शिट्टी ओळखतो, बोलणं जुळवतो — सगळं स्वतःच्या डोक्याने. हे स्वस्त कार्ड स्वतः काहीच करत नाही. याचा सगळा विचार कॉम्प्युटरने करायचा, तोही विंडोजनेच, कारण कंपनीने ती युक्ती बाकी कुणाला सांगितलेलीच नाही. लिनक्सला ते दिसतसुद्धा नाही.

‘बाहेरचा घ्या,’ म्हणाले. ‘वेगळी डबी, स्वतःची विजेची वायर, पुढे लाल दिवे, मागे सिरियल पोर्टचं सॉकेट. यूएसबीवाला नको, त्यातलेही निम्मे बिनडोकच. आणि खोक्यावर ‘विंडोज आवश्यक’ लिहिलेलं दिसलं तर हात जोडून बाहेर या.’

सगळं लिहून घेतलं. बिनडोक मोडेम पाहिजे असतो तो साहेबासारख्यांना. मीही अकरा वर्षं तशीच होते की! विचार माझा, शिट्टी त्याची.

७ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीला फोन करत होते. दुपारभर गुंतलेला. संध्याकाळी लागला तेव्हा म्हणाली, ‘नणंद बोलत बसते गं.’ माझी शब्दांची वही मागितली. ‘शोधून ठेवते ताई.’

९ फेब्रुवारी, शनिवार

नमुन्याला हात घातला. वहीवाचून अडतंय. मशीनच्या एकेका भागाला मी नाव दिलंय त्यात, अकरा वर्षांचं काम आहे ते. मला काढलं तेव्हा मी इतकी चिडले होते की जाळायलाच निघाले होते. धाकटीने हातातून काढून घेतली. ‘माझ्याकडे राहू दे, तुझं डोकं शांत झालं की देते.’ माझं कुठलं डोकं शांत होतंय! पण बहीण असावी तर अशी.

मी म्हटलं, मीच येते न्यायला. तर म्हणे घरात रंगकाम काढलंय, पाय ठेवायला जागा नाही. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून तो घरीच असतो, तो रंगवतो. बरं बाई.

डोक्यातून आठवून लिहितेय. आठवतं सगळं. राग स्मरणशक्तीला चांगला दिसतोय.

१२ फेब्रुवारी

आज टायची जिरवली!

मुद्दाम गर्दीच्या वेळी गेले. पाच-सहा गिऱ्हाइकं. कार्ड काउंटरवर ठेवलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, ‘यातला सिग्नलचा विचार कोण करतं? कार्ड की कॉम्प्युटर?’ टाय कार्ड उलटंसुलटं करायला लागला. ‘सिरियल पोर्टवर चालणारा दाखवा. नाही? बरं, मग या खोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते या लोकांना मोठ्याने वाचून दाखवा.’

एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले, चष्मा वर केला आणि वाचलं — ‘विंडोज आवश्यक.’ हातात तसंच खोकं होतं त्यांच्या, ते त्यांनी परत फळीवर ठेवलं. त्यांच्यामागच्या बाईंनीही ठेवलं. टायने माझं कार्ड मुकाट्याने परत घेतलं. निघताना मी म्हटलं, ‘घरात कुणी बाईमाणूस असेल तर पाठवा, समजावून सांगते.’

एक नाव खोडलं. काय गोड झोप लागेल आज!

पण मोडेम नाहीच. टाय म्हणतो, ‘बाहेरच्या डब्या आता कोण घेतं, बाई?’ खरंच कुणी घेत नाही. चार दुकानं हिंडले.

१४ फेब्रुवारी

मी मूर्ख! मी ठार मूर्ख!

वेगळी डबी, लाल दिवे, मागे सॉकेट — सहा वर्षं माझ्या टेबलावर होती की ती! कचेरीतली! दिवसातून दोनदा तिच्यावरची धूळ मीच पुसायची. छापखान्याला पानं पाठवायची ती तिच्यावरूनच. नंबर लागला की पलीकडून छापखानेवाला आधी फोन उचलायचा, तिची टूंक-टूंक ऐकायचा आणि म्हणायचा, ‘थांबा, मशीन लावतो.’ मग शिट्टी. डबीच्या स्पीकरवर सगळं ऐकू यायचं. तेव्हा त्या डबीला मोडेम म्हणतात एवढंच ठाऊक. तिला डोकं आहे हे कुठे ठाऊक होतं?

कचेरीच्या शिपायाला फोन केला. तो अजून माझ्याशी बोलतो. म्हणाला, ‘ती होय? पंधरा दिवस झाले, साहेबांनी नव्या कॉम्प्युटरमध्ये आतलं कार्ड बसवून घेतलं. जुनी डबी कपाटाखाली पडलीय. शनिवारी भंगारवाला येणार आहे.’

साहेबाने डोकं फेकलं आणि बिनडोक घेतला! हसून हसून पोट दुखलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

मिळाली. कोपऱ्यावर उभी राहिले, शिपायाने पिशवीतून आणून दिली. ‘साहेबांना विचारलं मी, टाकू का? म्हणाले टाक. तुमच्या पिशवीत टाकली.’ बुडाला अजून माझ्याच अक्षरातली चिठ्ठी आहे — ‘हलवू नये.’ हलवली!

१७ फेब्रुवारी

मास्तर आले. वायर जोडली, लिनक्सला पोर्ट सांगितला. मी स्वतः डबीला हाक टाइप केली: एटी. खाली उमटलं: ओके. एवढंच. पण मला अकरा वर्षांत त्या कचेरीत कुणी ओके म्हटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

मग फोन लावला. घरघर, किरकिर, शिट्टी — आणि जोडलं! मास्तरांनी टाळी वाजवली.

त्यांनी आज्ञांचा कागद दिलाय. जाताना म्हणाले, ‘डबीला स्वतःची आठवण असते. नंबर साठवतात आत, वीज काढली तरी जात नाहीत. जुन्या मालकाचं काही राहिलं असेल, पुसून टाका.’

आज नाही पुसणार. काम मिळालं की पुसणार. साहेबाला माझ्या हाताने शेवटचा पुसून काढायचा, त्याची मजा आधीच कशाला संपवू?

२१ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. वही सापडत नाही म्हणे, रंगकामात कुठेतरी गेली. रडवेली झाली होती. मीच समजूत घातली. मग विचारत होती, ‘ताई, तू खरंच नमुना पाठवणारेस? कशाला त्या साहेबाच्या नादी लागतेस? सोड ना.’

सोड म्हणे! साहेबाची कचेरी कोसळेल तेव्हा सोडीन. तिला सांगितलं, तू म्हणतेस म्हणूनसुद्धा सोडणार नाही. तिने फोन ठेवला.

२६ फेब्रुवारी

पाठवला! दोन दिवस आधी! पाच मिनिटं लागली बारा पानं जायला, तोवर श्वास रोखून दिवे बघत बसले.

१ मार्च

काही नाही.

४ मार्च

काही नाही. दिवसातून चारदा मेल बघते. फोनचं बिल यायचंय ते येईल.

६ मार्च, बुधवार

मिळालं!! मला! माझ्या नावावर! तीन वर्षांसाठी, सगळी पुस्तकं!

कंपनीच्या बाईंनी लिहिलंय, साहेबाच्या कचेरीचा जुना करार बंद केला. साहेबाला कालच कळवलं. गेला! मी खुर्चीवरून उठून खोलीभर फेऱ्या मारल्या. त्याचं तोंड बघायला मिळायला हवं होतं, एकदाच, दारातून.

पुढचं ऐक. त्या लिहितात, ‘कचेरीच्या नमुन्यातही बहुतेक शब्द तुमच्यासारखेच होते. पण त्यांनी बॉबिनची डबी उलटी बसवायला सांगितली आहे.’ उलटी! अख्ख्या कचेरीला बॉबिन बसवता येत नाही! मास्तरांना खाली जाऊन वाचून दाखवलं. धाकटीला फोन केला, म्हटलं, साहेबाला पाणी पाजलं गं! ती म्हणाली, ‘हो का. छान झालं.’ आणि डोकं दुखतंय म्हणून ठेवून दिला.

७ मार्च

ती बॉबिन डोक्यातून जात नाही.

बॉबिन उलटी बसवायची चूक माझी आहे. पहिल्या वर्षी वहीत मीच डाव्याचं उजवं लिहिलं होतं. पुस्तकात बरोबर केलं, वहीत दुरुस्त करायचं राहिलं. मला ठाऊक होतं, म्हणून कधी केलंच नाही. साहेबाकडे छापलेली पुस्तकं आहेत, त्यात बरोबर आहे. चुकीचं फक्त वहीत आहे.

वही साहेबाकडे कशी?

धाकटीच्या घरी चोरी झाली असेल. नाहीतर रद्दीत गेली असेल, रद्दीवाल्याकडून... छे.

८ मार्च

आज डबी पुसायला बसले. ठरलं होतं, काम मिळालं की पुसायची. म्हटलं, आधी साहेबाने आत काय ठेवलंय ते तरी बघू. मास्तरांच्या कागदावरून आज्ञा दिली. साठवलेले नंबर आले.

पहिला इंटरनेटचा. दुसरा छापखान्याचा. हे दोन मीच घातले होते.

तिसरा मी घातलेला नाही. पण मला तो पाठ आहे. रोज लावते. दुपारी गुंतलेला असतो.

चहा करायला उठले आणि चहा न करताच परत आले. माझ्याच वहीवरून, माझ्याच खुर्चीतलं काम, माझ्या पाठीमागे आठ महिने! आणि मी तिचे डोळे पुसत होते!

पुसलं नाही काही.

९ मार्च, शनिवार

डबीलाच सांगितलं, तिसरा नंबर लाव. टूंक, टूंक. दोन घंट्यांत उचलला. स्पीकरवर धाकटी, धापा टाकत —

‘साहेब? साहेब, तुम्हीच ना? काम परत मिळालं का हो? थांबा हं, ठेवू नका — मशीन लावते.’