डेक धुवायचा राहिला

अण्णा,

आज खाडीवर एका नव्या होडीचा डेक रंगवताना पाहिला आणि माझ्या उदरातील ज्ञान, जे सहसा भोजनोत्तरच जागृत होते, ते अकाली उसळले. मी त्या कारागिरांस अर्धा तास मार्गदर्शन केले. त्यांनी ते पावसासारखे, म्हणजे छपराखाली सरकून, स्वीकारले. परतताना तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली, तरी विद्वत्तेचा झटका आला की मला प्रथम तुमचा तळहात आठवतो.

ऐंशीच्या दशकात मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन रत्नागिरीस परतलो होतो आणि सागवान, लाकूड तासायचा वाकस इत्यादी आदिम वस्तूंकडे अनुकंपेने पाहत होतो. दाभोळपर्यंतच्या खाड्यांतून तुमच्या हातच्या होड्या फिरत. लाकडाला तेल पाजावे, फटींत कापूस ठोकावा, एवढेच तुमचे शास्त्र. लोक मात्र फायबरच्या होड्यांकडे वळू लागले होते. म्हणून मी प्रस्ताव मांडला: डेकवर काचकापड अंथरून इपॉक्सीचा लेप द्यावा, पाणी आत शिरणार नाही, फळी कुजणार नाही. तुम्ही विडी विझवून विचारलेत, "आणि चुकलं तर?" "शास्त्र चुकत नाही," मी उत्तरलो. तुम्ही एका तांडेलाची नवी होडी त्यासाठी निवडलीत. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात उतरायची होती आणि सबंध बंदराचे तिच्याकडे लक्ष होते. डेक फसला असता तर चाळीस वर्षांचे तुमचे नाव फसले असते. हे मला कळत होते. फक्त तो माझा विषय नव्हता.

श्रावणातली दमट सकाळ. झावळ्यांच्या छपराखाली लेप घट्ट झाला आहे, काचेसारखा चमकतो आहे. तुम्ही वाकून त्यावर तळहात फिरवता, मग बोटे एकमेकांवर चोळता. "मेणचट लागतंय रे. आधी पाण्याने धू, सोडणाने घासून." सोडण! नारळाच्या काथ्याचा तो बोळा, ज्याने आई खरकटी भांडी घासी! अत्याधुनिक रसायनाची ही विटंबना मजला असह्य झाली. तुम्ही वाकस उचलून फळी तासायला वळलात आणि वळता वळता पुन्हा म्हणालात, "वायच धुवून घे हां."

मी थिनरच्या फडक्याने डेक पुसला आणि पॉलिश पेपर मारला. चार हात फिरवले की पेपर चिकटून भरून जाई. त्याचा दोष मी पेपर बनवणाऱ्यास दिला. मग रंग दिला. दमट हवेत हा इपॉक्सीचा लेप स्वतःच्या अंगावर मेणासारखा थर आणतो, तो पाण्यानेच जातो, आणि न धुता घासल्यास अधिकच आत रेटला जातो, हे मी पुढे एका जाड ग्रंथात वाचले. तुमच्या तळहाताने तो ग्रंथ वाचलेला नव्हता.

चौथ्या दिवशी तांडेल आला. त्याने डेकवर पाऊल फिरवले मात्र, उकडलेल्या फणसाच्या आठळीची साल निघावी तसा रंग टाचेबरोबर निघून आला. "काय ओ सुतारबाबा, माझा डेक कात टाकतोय काय? बाकीच्या होड्या सुटतील, नि मी काय बंदरावर बसून टाळ्या पिटू?" भोवती माणसे जमली होती. मी वाकून रंगाच्या साली गोळा करू लागलो. तुम्हीच शांतपणे म्हणालात, "धुवायचं राहिलं. माझ्याकडून राहिलं. पौर्णिमेला होडी पाण्यात असेल, जा तू."

मग आपण दोघांनी तो रंग खरवडला. विहिरीच्या पाण्याने, सोडणाने, तीनदा डेक धुतला. पाणी थेंबाथेंबाने न साचता सपाट पसरू लागले तेव्हा कुठे तुम्ही "आता घास" म्हणालात. घासून डेक राखेसारखा निस्तेज झाला. आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणून, तिचे मीठ गोड्या पाण्यात काढून, उघडिपीत वाळवून, आईच्या चाळणीने आपण ती ओल्या रंगावर भुरभुरली, खलाशांचा पाय घसरू नये म्हणून. वर आणखी एक हात. तुम्ही गुणगुणत होता. इतका सुखाचा आठवडा मला पदवीने कधी दिला नाही.

पौर्णिमेला होडी उतरली. डेकवर नारळ फुटला, पाणी ओघळून गेले, रंग जागचा हलला नाही. तांडेल मला म्हणाला, "पोरगा शिकलेला म्हणून बापाची चूक निभावली हो." मी सविनय मान लवविली. तुम्ही शेजारीच उभे होता आणि चक्क हसलात.

त्या संध्याकाळी हातपाय धुताना तुम्ही विचारलेत, "वाकसाच्या आवाजात तुला ऐकू आलं नसेल, नाही रे?" मी "नाही" म्हणालो. "मग काय तर," म्हणून तुम्ही जेवायला बसलात, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत.

हे पत्र टपालात पडणार नाही, खणातच राहील. अण्णा, ऐकू आले होते. दोन्ही वेळा.