अबोलच्या बाजूने एक मत

ती. ताईस,

तुझ्या पाठच्या, आता कानांवरचे केस पिकलेल्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? भावोजींना गोड कमी करायला सांगितलं होतं, ते त्यांनी किती मनावर घेतलं हे कळवू नकोस, मी अंदाज केला आहे. इकडे आईची तब्येत ठणठणीत, धाकटा ठीक, त्याच्या बायकोचा मोडलेला घोटा जुळत आला आहे. घरात बरं नसलेला माणूस एकच आहे आणि तो हे पत्र लिहितो आहे. मला ताप नाही, खोकला नाही. माझा नुसता जळफळाट होतो आहे. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण आपल्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि जिच्याविषयी सांगायचं ती भिंतीपलीकडे पाय वर करून बसलेली असते.

तुला ठाऊक नाही (कोणालाच ठाऊक नव्हतं), पण एक जपानी ॲनिमे मालिका मी कित्येक वर्षं बघतो आहे. म्हणजे तीच, पुन्हा पुन्हा. माणसं चित्रातली आहेत, पण म्हणून तिला कार्टून म्हणू नकोस. मुलींसाठी काढलेली प्रेमकथा आहे, हेही आधीच सांगून मोकळा होतो. लिफ्ट दुरुस्त करणारा, नखांत ग्रीस भरलेला, पंचेचाळिशी उलटलेला माणूस शाळकरी मुलींची प्रेमकथा बघतो, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नाही. म्हणून मी कानात इयरफोन घालून बघायचो आणि बातम्या बघतोय म्हणायचो. बातम्या बघून इतके डोळे पुसणारा मुलगा फार हळवा आहे अशी आईची समजूत झाली होती, ती मी होऊ दिली.

गोष्ट साधी आहे. एका शाळेच्या गच्चीवर हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलांचं मंडळ असतं. त्यात दोन वेण्या घालणारी एक मुलगी. (तिचं नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून घरात ती आता वेणीवाली.) तिच्यावर दोघांचा जीव. एक बोलका. हसवतो, नकला करतो, तिची पिशवी उचलतो, सगळ्या वर्गाचा लाडका. दुसरा अबोल. तो भागामागून भाग तोंड उघडत नाही, पण वेणीवाली रोज पाऊस मोजायला जिथे उभी राहते तिथली शेवाळलेली फरशी तो सकाळी लवकर येऊन घासून ठेवतो. कोणाला सांगत नाही. तिला वाटतं, फरशी मुळातच चांगली आहे. ताई, ती फरशी पहिल्यांदा बघितली तेव्हापासून मी अबोलचा माणूस आहे.

आता हे सगळं माझं एकट्याचं होतं आणि माझं छान चाललं होतं. मग धाकट्याच्या बायकोचा पाय घसरला (शाळेच्या जिन्यावर, गणिताच्या वह्या हातात असताना) आणि ती प्लास्टर घालून घरी बसली. छताकडे बघत पडलेली असायची. मला दया आली. ताई, माणसाने दया करावी, पण स्वतःच्या कपाटातलं काढून करू नये. मी तिला मालिका दाखवली. पहिले दोन भाग शेजारी बसून, कुठे काय बघायचं ते सांगत. ती म्हणाली, "दादा, तुम्ही जरा गप्प बसाल तर मला कळेल." तेही मी मनाला लावून घेतलं नाही. तिसरा भाग मी कामावरून आल्यावर बघायचा असं ठरलं.

मी आलो तेव्हा त्या पाचव्यावर होत्या. त्या म्हणजे ती आणि आई. आईला पडद्याखाली येणारी इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नाहीत, म्हणून ही सगळं मराठीत मोठ्याने वाचून दाखवते, आणि आवाज काढून. बोलक्याला तिने झकास आवाज दिला आहे, मीसुद्धा हसलो असतो. अबोलला मात्र सर्दी झालेल्या कारकुनाचा आवाज. आई त्याला हसते. ज्या मुलासाठी मी इतकी वर्षं बातम्यांच्या नावाखाली रडलो, त्याला माझी सख्खी आई पदर तोंडाला लावून हसते आणि म्हणते, "बोलक्याचंच जमू दे बाई. हा दुसरा घरात आला तर मीठ हवं की नको तेसुद्धा सांगायचा नाही." हे म्हणताना तिने माझ्याकडे का बघितलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तसाच धुमसत कामावर गेलो. एका इमारतीत दातांच्या डॉक्टरीणबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, दोन मजल्यांच्या मधोमध. वर दवाखान्यात त्यांचा पेशंट जबडा बधिर करून घेऊन खुर्चीत वाट बघत होता. माझा जोडीदार वर मशीनरूममध्ये ब्रेक सोडून लिफ्ट हाताने सरकवणार आणि मी खाली दाराशी उभं राहून आतल्या माणसाला बोलतं ठेवणार, अशी आमची पद्धत. माणूस बोलत राहिला की घाबरत नाही. एरवी मी हवापाणी, मुलंबाळं यावर भागवतो. त्या दिवशी डोक्यात एकच विषय होता. मी मालिका सांगायला सुरुवात केली. गच्ची, वेणीवाली, पाऊस, दोन्ही मुलगे. बाई अगदी शांत झाल्या. मध्येच "मग?" म्हणायच्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शेवटी कोणीतरी माझ्याकडून ऐकत होतं.

लिफ्ट मजल्याला लागली, मी दार उघडलं, आणि बाई बाहेर येण्याऐवजी आतच उभ्या राहून म्हणाल्या, "तिने बोलक्यालाच हो म्हणावं. दुसऱ्याचं प्रेम आहे हे कळायला तिने काय फरशीला विचारायचं?"

ताई, मी नोकरीत कधी आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही. फक्त म्हणालो की दार उघडं आहे, आपण बाहेर यावं. बाई म्हणाल्या, शेवट सांगितल्याशिवाय येत नाही. मी म्हणालो, शेवट सांगत नाही. मालिकेचं नाव तरी सांगा, म्हणाल्या. तेही सांगितलं नाही. एक भावजय मला पुरे होती. एवढ्यात पेशंट गालाला हात लावून जिन्याने खाली आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आपलं मत दिलं, पण जबडा बधिर असल्यामुळे ते अबोलला की बोलक्याला ते कळलं नाही. दोन्हीत 'बोल' आहेच. मी ते माझ्या बाजूने मोजलं.

बाईंनी तक्रार केली. लिफ्टबद्दल नाही, "कर्मचाऱ्याने गोष्ट अर्धवट सोडली" अशी. साहेबांनी मला बोलावून विचारलं, कसली गोष्ट? मग त्यांना पहिल्यापासून सांगावी लागली. ते चहा थंड करून ऐकत बसले. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "माणूस म्हणून बोलका बरा वाटतो." मला समज देऊन सोडलं.

घरी आलो तर दिवाणखान्यात अंधार आणि तिघं रांगेत बसलेली. हो, तिघं. जो धाकटा दोन दिवस 'दादाचं कार्टून, दादाचं कार्टून' करत होता, तो बायकोचा प्लास्टरचा पाय मांडीवर घेऊन नाक ओढत होता. आठवा भाग चालू होता. वेणीवाली त्या दिवशी चुकून लवकर शाळेत येते आणि गच्चीच्या दारातून तिला फरशी घासणारा अबोल पाठमोरा दिसतो. ती तशीच खाली जाते, पायऱ्यांवर बसते आणि वेणी सोडून पुन्हा घालते. एवढंच. धाकट्याची बायकोही वाचायची थांबली होती. वाचायला काही नव्हतंच. आणि आईने हळूच, स्वतःशीच म्हटलं, "अगं बाई, हा होय."

मी दारात हातातली हत्यारांची पेटीही खाली न ठेवता उभा होतो. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्या तिघांना हे पहिल्यांदा दिसत होतं आणि मला ते आता कधीच पहिल्यांदा दिसणार नाही, याचा मला इतका हेवा वाटला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो. आईने दिवाणखान्यातूनच हाक मारली, "ये रे, पुढचा लावतोय." मी म्हणालो, भूक नाही. उत्तराचा हाकेशी संबंध नव्हता, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा कळव, मी चुकतोय का. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा, स्वतःच्याच घरात अल्पमतात गेलेला,
भाऊ

ता. क. : वरचं सगळं विसरलीस तरी चालेल. खरं काम असं की घरात आता बोलक्याकडे दोन मतं पक्की आहेत (धाकटा अबोलसाठी नाक ओढतो, पण मत बायकोला देतो), आई आठव्या भागापासून डळमळते आहे, आणि तिला इकडे ओढायला तुझ्यासारख्या मोठ्या लेकीचा शब्द लागेल. म्हणून तू मालिका बघ आणि अबोलच्या बाजूने उभी राहा. बघण्याआधी उभी राहिलीस तरी हरकत नाही.

ता. क. २ : पाकीट मागायला शेजारच्या खोलीत गेलो होतो. तिथे समजलं की धाकट्याच्या बायकोने तुला कधीच फोन करून सगळं सांगितलं, तू नववा भाग संपवलास, आणि तुला बोलका आवडतो. नकला छान करतो म्हणालीस म्हणे.

ता. क. ३ : दहावा लावू नकोस. शनिवारी रजा टाकली आहे, सकाळच्या गाडीने येतो. बोलका तर बोलका. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, पडद्याकडेही बघणार नाही. तू बघ, मी तुझ्याकडे बघत बसेन.