डब्यातल्या सातांपैकी दोन

मी, श्रीमती जयवंता खुशालराव काळबांडे, वय सत्तर, धंदा शिवणकाम, राहणार जठारपेठ, अकोला, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर आपल्या मर्जीने आणि आपल्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टर दीक्षाबाईंनी तपासताना आजची तारीख विचारली, मी पौष पौर्णिमाही सांगितली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. शेजारचे शालिकरामजी कोर्टात कारकून होते, त्यांनी मसुदा करून दिला. चौथे कलम वाचून ते म्हणाले, "वहिनी, मृत्युपत्रात एवढं लिवत नसतात." नसतील लिहीत. मी लिहिते.

कलम १. जठारपेठेतील घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा नितेश आणि मुलगी प्रणाली यांना निम्मे निम्मे. "मले काय करायचं घर" असे म्हणून प्रणालीने हक्क सोडू नये. ती राहते ते घर नवऱ्याच्या नावावर आहे, हे मी विसरलेले नाही.

कलम २. बँकेतील ठेवही तशीच, निम्मी निम्मी.

कलम ३. शिलाई मशीन नितेशची मुलगी अपेक्षा हिला. ती आज नऊ वर्षांची आहे, पण पाय मशीनच्या पायडलला पुरतात. माझी मोठी कात्री जाऊ इंदूबाई यांच्याकडे प्रणालीच्या लग्नापासून आहे. परत केली, असे त्या म्हणतात. ती कात्री मी त्यांनाच देते. मात्र हे कलम त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे.

कलम ४. देवघरातील सागवानी डबा. आम्ही महानुभाव पंथाचे. देवाचा जिथे स्पर्श झाला, त्या जागेच्या दगडाचे लहान खडे आमच्यात पिढ्यान् पिढ्या जपतात, त्यांना 'विशेष' म्हणतात. आमच्या डब्यात सात आहेत. प्रत्येकाला सुती पिशवी असते. पिशव्या दरवर्षी मी नव्या शिवते.

आमच्या घरात यजमानांनी एक नियम घातला होता. मुलांच्या हातून चूक झाली, की संध्याकाळच्या नामस्मरणानंतर डब्यासमोर उभे राहून कबूल करायची. कबूल करेपर्यंत जेवण नाही. यजमान दुष्ट नव्हते, त्यांना मुले सत्यवचनी व्हायला हवी होती. मलाही हा नियम बरोबर वाटे. तो माझ्यावर कधी आला नव्हता.

१९९३ च्या उन्हाळ्यात मागच्या खोलीचे बांधकाम चालू होते आणि देवघराच्या दाराशी बारीक गिट्टी पडली होती. मी सातही विशेष ताटात काढून पिशव्या बदलत बसले होते. दूध उतू गेल्याचा वास आला. घाईने उठले, तर पदर ताटात अडकला आणि सगळे गिट्टीत सांडले. पाच ओळखू आले. दोन सापडेनात. काळ्या दगडात काळा दगड कसा शोधणार? शेवटी त्यातल्या त्यात गुळगुळीत असे दोन उचलले आणि पिशव्यांत घातले.

संध्याकाळी यजमानांनी एक खडा हातात घेतला आणि म्हणाले, "हा असा नव्हता." नितेश तेव्हा दहा वर्षांचा होता. गलोलीसाठी त्याचा खिसा कायम खड्यांनी भरलेला असे. सगळ्यांचे डोळे त्या खिशाकडे गेले. माझेही गेले, हे मी लिहून ठेवते.

"मी नाई केलं," तो म्हणाला. रात्री जेवला नाही. सकाळीही नाही. दुपारी एक वाजता तो डब्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मीच केलं." यजमानांनी त्याची पाठ थोपटली. "शाबास. खरं बोलला." ताट मी वाढले. बेसन-भाकर होती. त्याने खाली मान घालून खाल्ली.

खरे बोलला तेव्हा उपाशी ठेवले आणि खोटे बोलला तेव्हा शाबासकी दिली. त्यातून तो काय शिकला असेल, याचा मी बत्तीस वर्षे विचार करत आहे. तो त्यानंतर डब्यासमोर कधी बसला नाही. आता अमरावतीला राहतो, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे, आणि आला की कामाच्या पाळीचे कारण सांगून नामस्मरणाआधी निघतो. यजमान मुलगा नास्तिक झाला असे समजूनच गेले.

आणखी एक गोष्ट मला छळते. त्या दोन खड्यांपुढे घराने बत्तीस वर्षे दंडवत घातले. ते अजून गिट्टीच आहेत का? आणि खरे दोन कुठे असतील, मागच्या खोलीच्या स्लॅबमध्ये? तसे असेल तर त्यांच्या खाली आमचे गव्हाचे पोते राहिले. ज्याला शोधायचे त्याने खुशाल शोधावे, माझी हरकत नाही. सापडले तर मला कसे कळवणार, एवढीच अडचण आहे.

मागच्या दिवाळीत अपेक्षाने माझ्या मशीनवर हात चालवून पाहिला. सुई मोडली आणि विशेषाची नवी पिशवी तोंडाशीच शिवली गेली. पोर सरळ माझ्याकडे आली. "आजी, माह्यानं सुई तुटली. पिशवी बी खराब झाली." मी नितेशकडे पाहिले. आता हा काय करतो? तो म्हणाला, "बरं. मंग आता काय करशीन?" तिने थोडा विचार केला, ब्लेड मागितले आणि दोन तास बसून एक एक टाका उसवला. मी समोर बसून पाहत होते. न भिता चूक सांगणारे मूल मी आमच्या घरात पहिल्यांदा पाहिले. आणि ते नितेशने वाढवले, ज्याला आम्ही भ्यायला शिकवले. हे त्याला कोणी शिकवले असेल?

कलम ५. चौथे कलम वाचून झाल्यावर शालिकरामजींनी विचारले, "म्हंजे नितेशले हे तुमी गेल्यावर समजन?" मी हो म्हणाले आणि मलाच माझी लाज वाटली. मेल्यावर कबूल करणाऱ्या माणसाला कोण उपाशी ठेवणार? म्हणून काल, रविवारी, नितेशला बोलावून चौथे कलम मी स्वतः त्याला वाचून दाखवले.

त्याने कागद माझ्या हातून घेऊन ते कलम स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाला, "त्या दिवशी तू जेवली होती काय?"

"जेवले होते."

तो उठून अंगणात गेला. तो अमरावतीची गाडी धरणार असेच मला वाटले. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "आई, मंग आता काय करशीन?"

मी म्हणाले, "घर सगळं तुझ्या नावावर..."

"घर नाई. मी जिथं उभा राह्यलो होतो, तिथं उभी राय."

संध्याकाळी नामस्मरण झाल्यावर मी डब्यासमोर उभी राहिले आणि सांगितले. नितेश आणि अपेक्षा समोर बसले होते, प्रणाली फोनवर होती. मी भिंतीला हात टेकला होता. दहा वर्षांचे पोर उपाशीपोटी कशाच्याही आधाराशिवाय उभे होते, हे मला तेव्हा कळले.

डबा नितेशला देते. त्याने तो घेतला आहे. "सातही राहू दे," असे तो म्हणाला.

माझे सांगून झाल्यावर अपेक्षाने विचारले, "आजी, मंग तुले उपाशी ठेवतीन काय?"

नाही. ताट नितेशनेच वाढले. पहिला घास मात्र माझ्याने लवकर उचलवला नाही.

येथवरचा मजकूर माझा असून तो मी पुन्हा वाचून, दोघा साक्षीदारांदेखत सही करत आहे.

सही: जयवंता खुशालराव काळबांडे

साक्षीदार, माझ्यादेखत सही करणारे:
१. शालिकराम, शेजारी, निवृत्त कोर्ट कारकून
२. डॉ. दीक्षा, प्रकृती तपासून

ठिकाण: अकोला
दिनांक: १३ जानेवारी २०२५