बसून घेतलेले माप

मी, खाली सही करणारा, धंद्याने कोट शिवणारा, राहणार डोंगरातल्या थंड गावी आणि हिवाळ्यापुरता समुद्राकाठच्या या दोन खोल्यांत, आज सकाळचा चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. स्वयंपाकघरातून धाकदपटशासारखा आवाज येतो आहे, पण तो भांड्यांचा आहे. डॉक्टरांनी मला तपासून बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला. "नवीन आलीय वाटतं," हा पत्नीचा शेरा दाखल्यात घेतलेला नाही.

डॉक्टर आणि शेजारचे सलूनवाले साक्षीदार म्हणून समोर बसले आहेत. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष देऊ नये असे डॉक्टर म्हणाले, म्हणून पत्नीला आतल्या खोलीत बसवले आहे. दार मात्र तिने लावू दिलेले नाही.

हे लिहिण्याचे कारण आधी सांगतो. पत्नीला डोंगरातली थंडी सोसत नाही. पहिले धुके उतरले की तिच्या छातीत शिट्टी वाजू लागते आणि जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचे चित्र पाहिल्याचे सोंग करते. त्या भिंतीवर चित्र नाही. इथे समुद्राकाठी तोच श्वास मोकळा होतो. तिचे हिवाळे इथेच जायला हवेत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आणि ती म्हणते, "तुमच्या मागे मी इथे पाऊल टाकणार नाही." मीठ संपले म्हणावे इतक्या सहज म्हणते, म्हणूनच मला धास्ती वाटते, कारण सहज म्हटलेले तिने आजवर कधी मागे घेतलेले नाही. बाकीची कलमे या मानाने किरकोळ. ती आधी उरकतो.

कलम पहिले. डोंगरातले घर आणि खालचे दुकान मुलाला द्यावे. तो तिथे आता तयार जाकिटे विकतो. तयार जाकीट सगळ्यांना होते आणि कोणालाच बसत नाही, हे माझे मतही मी त्यालाच ठेवून जातो. दुकानाची पाटी उतरवू नये. रंग उडाला आहे तो उडालेलाच बरा दिसतो.

कलम दुसरे. मोठी कात्री, अंगुस्तान, लाकडी गज आणि वजनदार इस्त्री मुलीला. ती दवाखान्यात परिचारिका आहे. घराण्याचा टाक्यांशी संबंध तिनेच टिकवला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. भाऊ कुरकुरला तर त्याला ताप आहे का बघावा, नसेल तर दुर्लक्ष करावे.

कलम तिसरे. चौथीचे कवितेचे पुस्तक. मलपृष्ठ नाही, मधली पाने सुई-दोऱ्याने शिवलेली, पण एकही कविता हरवलेली नाही. आमचे गुरुजी कविता शिकवायच्या आधी वर्गाची खिडकी उघडत, केवढीही थंडी असो. समुद्र मी पहिल्यांदा त्या खिडकीत पाहिला. बाहेर होता डोंगर आणि एक ओली शेळी. पण गुरुजी 'गाज' हा शब्द म्हणून असे थांबत, की डोंगराच्या पलीकडे काहीतरी प्रचंड श्वास घेत आहे असे आम्हाला वाटे. त्यांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. हे त्यांनी सांगितले नाही. त्या थांबण्यावरून मला मोठेपणी कळले. हे पुस्तक मी पत्नीला देणार होतो.

"मला नको," आतून आवाज आला. "ऐकून ऐकून पाठ झालंय. शेवटच्या पानावरच्या कवितेखालच्या प्रश्नांसकट."

तर पुस्तकही मुलीला.

कलम चौथे. मेहुण्याला एक गवती टोपी. का, ते पुढे येईलच.

कलम पाचवे, आणि खरे. समुद्राकाठच्या या दोन खोल्या. त्या देण्याआधी कशा निवडल्या ते लिहून ठेवतो, म्हणजे मुलांना आईची किंमत कळेल. माझी त्यांना ठाऊक आहेच.

उबेला जायचे ठरल्यावर पहिल्या हिवाळ्यात जागा मी निवडली. कड्याच्या टोकावरचे घर, तिन्ही बाजूंना पाणी. दारात उभा राहिलो आणि चौथीच्या पुस्तकातली ओळन् ओळ समोर खरी होताना पाहिली. त्या प्रवासासाठी मी पत्नीला नवा कोट शिवला होता. जाड लोकर, दुहेरी अस्तर, कॉलर कानापर्यंत. आयुष्यातला प्रत्येक मोठा प्रवास आम्ही नव्या कोटाने सुरू केला होता. हा प्रवास थंडीपासून लांब जाण्याचा आहे, हे कापड बेतताना माझ्या डोक्यातच आले नाही. तिच्या आले असणार. बसमधून उतरलो तेव्हा तिथली माणसे बाह्या दुमडून फिरत होती. हिच्या कपाळावरून घामाच्या धारा.

"अगं, काढ तो."

"राहू द्या. तुमचे टाके आहेत. या लोकांनी कधी बघितलेत असले?"

अख्खी पेठ तिने त्या कोटात पार केली. मी पुष्कळ कविता म्हटल्या आहेत. पण माझ्यावर कोणी कविता केली असेल, तर ती ही.

कड्यावर वारा थांबेना. दूध खाली, डॉक्टर खाली, आणि वर नुसते सौंदर्य. आठवडाभराने ती खिडकीकडे पाठ करून बसलेली दिसली. म्हणाली, "अहो, तुम्ही माप उभ्याचं घेतलंत."

आमच्या धंद्यात ही चूक नवशिक्याची. आरशासमोर उभ्या माणसाला कोट मापात बसतो. तोच खुर्चीत बसला की बटणे ताणतात आणि कॉलर मानगुटीवर चढते. दुकानात काजे करायला ती बसायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकापुढे स्टूल सरकवायची. "बसा जरा. आमच्याकडे उभ्या माणसाला कोट देत नाहीत." मोठमोठी माणसे मुकाट बसत. मी मात्र घर निवडताना तिच्यापुढे स्टूल सरकवले नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात मेहुणा मध्ये पडला. "भावजी, आम्ही उतरतो तिथे एकदा येऊन तर बघा. सगळी आपल्यासारखीच माणसं!" ते अगदी खरे निघाले. सगळेच आपल्यासारखे: थंडीतून आलेले, गुडघ्यांची तुलना करणारे, फाल्गुन उजाडायच्या आत जाणारे. दुकानांत नुसत्या टोप्या. मेहुण्याने आग्रहाने मलाही एक घ्यायला लावली. पत्नी हॉटेलच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून दोन दिवस बसली आणि म्हणाली, "इथे सगळे पाहुणेच आहेत हो. यजमान कुठायत?" टोपी मेहुण्याला परत जावी. तिला ऊन लागलेले नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मी गप्प बसलो आणि ती पुढे झाली. या गावात उतरल्यावर तिने समुद्राकडे पाहिलेसुद्धा नाही. पहिले दुकान दिसले ते सलूनचे. आत डोकावून म्हणाली, "भाऊ, एक खुर्ची मिळेल का? केस नाही कापायचे. नुसती बसते."

सलूनवाल्यांनी खुर्ची गल्लीत आणून दिली, ते आता समोर मान डोलावत आहेत. ती तिथे जेवणाची वेळ टळेपर्यंत बघत बसली. गावातल्या म्हाताऱ्या स्वतःची पिशवी स्वतः घेऊन बाजारात जातात की कोणी आणून देते. चढावर त्या थांबतात का, आणि थांबल्या तर टेकायला कट्टा आहे का. दोरीवरचे कपडे संध्याकाळी कोरडे निघतात की दमट. डॉक्टर ओरडतात की नुसते खोकतात. (डॉक्टर म्हणतात हे लिहू नका. लिहिले आहे.) मग आम्ही खोल्या बघायला निघालो. प्रत्येक घरमालक खिडकी उघडून समुद्र दाखवी, आणि ही म्हणे, "छान आहे. खुर्ची आहे का?"

या खोल्यांच्या मालकाने आधीच माफी मागितली, की खिडकी गल्लीकडे आहे आणि दोन भिंतींच्या फटीतून समुद्र बोटभरच दिसतो. ती त्या खिडकीशी बसली. मी तेवढ्यात खाली जाऊन पाय मोकळे करून आलो, तरी ती बसलेलीच. मला पाहून उठली आणि म्हणाली, "इथून सगळं दिसतं. घाला कच्चा दोरा." म्हणजे एका हिवाळ्यापुरते भाडे. पुढच्या हिवाळ्यात म्हणाली, "आता पक्की शिवण," आणि आम्ही खोल्या विकत घेतल्या. बोटभर समुद्रात सगळे ते काय दिसते, हे मी विचारले नाही. तिची निवड इतकी अचूक ठरली, की विचारणे म्हणजे चव बरोबर लागल्यावर मीठ मागण्यासारखे झाले असते.

तर या दोन्ही खोल्या, सामानासह, मी माझ्या पत्नीला देतो. ~~अट अशी, की तिने दर हिवाळ्यात, पहिले धुके पडल्यापासून झाडांना पालवी फुटेपर्यंत इथे राहावे. एकही हिवाळा चुकवल्यास खोल्या विकून ती रक्कम गावच्या वाचनालयाला द्यावी.~~

ही अट मी मोठ्याने वाचून दाखवली. भांडी थांबली.

"मेल्यावरसुद्धा हुकूम?"

"हुकूम कसला? तुझ्या श्वासासाठी लिहितोय."

"उभ्याचं माप आहे हे." आणि ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"वहिनी, तुम्ही आत थांबायचं ठरलंय," डॉक्टर म्हणाले.

"साक्ष द्यायला नाही आले, डॉक्टर. फिटिंग बघायला आलेय. अहो, उठा. बसा इथे."

तिने आपल्या खुर्चीकडे बोट केले. इतके हिवाळे झाले, त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. मला समुद्र लागतो, मी खाली जातो. आज बसलो. गल्ली दिसली. सलूनचे दार. कट्टा. दोन भिंतींची फट. आणि त्या फटीत, बोटभर समुद्राच्या बरोबर पुढ्यात, बाक.

रोज दुपार कलली की मी ज्यावर बसतो तो बाक. मी समुद्राकडे तोंड करून तिथे चौथीच्या कविता म्हणतो. मी तिथे बसलो, की या खुर्चीतून तेवढाही समुद्र दिसत नसणार. माझी पाठ मध्ये येत असणार. पहिल्या दिवशी मी पाय मोकळे करायला खाली गेलो होतो, तेव्हा टेकलो होतो तो हाच. आत्ता बाक रिकामा होता. रिकामा बाक फार लांबलचक दिसतो.

"बघितलंत?" ती म्हणाली. "आता सांगा. इथे बसून मी काय बघायचं?"

डॉक्टर खोकले. सलूनवाले आपली नखे बघू लागले. मी त्याच खुर्चीत कागद मांडीवर ओढून घेतला.

म्हणून वरील अट मी खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही घेतली आहे. या खोल्या पत्नीला विनाअट द्याव्यात. राहावे, भाड्याने द्याव्यात, विकाव्यात, कुलूप लावून किल्ली समुद्रात टाकावी; कोणी विचारू नये. तिने आयुष्यभर जे निवडले ते नीट निवडले. त्यात मीही येतो, हे कबूल करताना मला आज थोडा संकोच वाटतो.

कलम सहावे. बाक. तो नगरपालिकेचा असल्याने कोणाला देता येत नाही. देत नाही म्हणूनच सलूनवाले साक्षीदार राहू शकतात. त्यांना केवळ विनंती, की माझ्यामागे, हिवाळ्यात, या खिडकीत दिवा दिसू लागला, तर दुपार कलल्यावर दुकान थोडा वेळ मिटावे आणि बाकावर येऊन बसावे. डाव्या बाजूला. समुद्राकडे तोंड, खिडकीकडे पाठ.

"बसायला माझी ना नाही," सलूनवाले म्हणाले. "दिवसभर उभाच तर असतो."

बाकावर पाठीशी घ्यायला एक उशी आहे. त्या जाड कोटाची. कोटाचा उपयोग शेवटी पत्नीनेच शोधला. उशी तिची आहे. सलूनवाल्यांनी ती रोज वर येऊन मागून न्यावी आणि दिवेलागणीला दार वाजवून तिच्या हातात परत द्यावी. खाली ठेवून जाऊ नये.

पत्नी पुन्हा आत गेली होती. आतून म्हणाली, "त्यांना कविता येतात का?"

"एकही नाही, वहिनी," सलूनवाल्यांनी इथूनच उत्तर दिले.

"मग ठीक आहे."

भांडी पुन्हा वाजू लागली. मी 'येणेप्रमाणे' हा शब्द लिहीत होतो, तेवढ्यात ती परत थांबली.

"अहो."

"काय गं?"

"एखादी शिकवून ठेवा त्यांना."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी पुरे केले, वाचून दाखवले, आणि ते ज्याला त्याला बसेल अशी माझी खात्री आहे. कारण शेवटचा भाग तिच्या खुर्चीत बसून लिहिला आहे.

ठिकाण: समुद्राकाठच्या खोल्या, गल्लीकडच्या खिडकीतली खुर्ची
दिनांक: अठ्ठावीस फेब्रुवारी

(सही) कोटवाला

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. (सही) डॉक्टर. खोकल्याच्या उल्लेखाला हरकत नोंदवून.
२. (सही) सलूनवाले. सही करताना पहिल्या दोन ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या. तिसरी आतून कोणीतरी सांगितली.